पोहणं, सायकल, धावणं : तेरा वर्षांच्या मुलीची तयारी

एरवी आम्ही बचत गटाच्या बाया या केंद्रावर येतो त्या कर्जाचे हप्ते, बँकेची कागदपत्रं नाहीतर शेवया-पापडांबद्दल बोलायला. आजचा विषय वेगळा आहे. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी आठवीत शिकते, तेरा वर्षांची आहे. गेलं दीड वर्ष ती ट्रायथलॉन नावाच्या खेळाची तयारी करते आहे, आणि गटातल्या आम्ही बारा जणी त्या तयारीला कुठे ना कुठे हात लावतो. मुलगी लहान आहे, म्हणून तिचं आणि गावाचं नाव सांगत नाही. पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं गाव, एवढं पुरे. आजूबाजूच्या गावांतल्या आया भेटल्या की विचारतात, हे कसं जमवलं, खर्च किती आला, पोरीला झेपतं का. त्याची उत्तरं आज एकत्र सांगतो.

आधी खेळ काय ते सांगतो. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, पाण्यातून बाहेर पडून सायकल चालवायची आणि सायकल ठेवून धावायचं. मध्ये घड्याळ थांबत नाही. १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगो शहरात या नावाची पहिली शर्यत झाली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. ऑलिंपिकचं अंतर दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं. त्याच्या निम्म्या अंतराला स्प्रिंट म्हणतात. गोव्यात आयर्नमॅनची मोठी शर्यत होते, ती याहून कितीतरी लांब असते. आपल्या मुलींचा विचार करताना यातलं एकही अंतर डोक्यात ठेवू नका. लहान मुलांच्या गटांना अंतर बरंच कमी असतं. आमची मुलगी ज्या स्पर्धेत उतरली तिथे तिच्या गटाला २०० मीटर पोहणं, ६ किलोमीटर सायकल आणि २ किलोमीटर धावणं होतं. शाळेला रोज सायकलवर जाणाऱ्या आणि पोहता येणाऱ्या मुलीला काही महिन्यांत हे जमू शकतं.

हा खेळ आपल्या मुलींसाठी नाही, असं कोणी म्हणालं तर त्यांना दोन नावं सांगा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून अहमदाबादची प्रज्ञा मोहन आणि पुण्याची संजना जोशी ट्रायथलॉनमध्ये उतरल्या होत्या. आणि त्या शहरातल्या, असं कोणी म्हणालं तर शेजारच्या जिल्ह्यातलं माणमधलं मोही गाव दाखवा. तिथली ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत पोचली.

आता पाण्याबद्दल. इथे जरा थांबून बोलू, कारण तिन्ही खेळांत जिवावर बेतणारा खेळ हाच आहे. आपल्याकडे पोरं विहिरीत शिकतात. पाठीला डबा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा, वरून ढकलायचं आणि मग मुटके मारत शिकायचं. मुलं शिकतात, मुली बहुतेक काठावर कपडे सांभाळत बसतात. आमची मुलगी मामाच्या विहिरीत शिकली होती, पण सराव तिथे करायचा नाही हे आम्ही पहिल्या दिवशी ठरवलं. कृष्णेत तर नाहीच. आपल्या भागात नदीला मगरी आहेत, आणि धरणातून पाणी सोडलं की धार कधी वाढते ते काठावर उभ्या असलेल्या माणसालाही कळत नाही.

तिसरी जागा शेततळ्याची. द्राक्षबागेच्या कडेला प्लास्टिक अंथरलेलं शेततळं असतं. पाणी निळंशार, बघून पोरांना मोह होतो. पण ते प्लास्टिक शेवाळानं बुळबुळीत होतं आणि कडा उतरत्या असतात. आत पडलेला माणूस पट्टीचा पोहणारा असला तरी त्याला वर चढता येत नाही, पाय घसरतच राहतो. वाचवायला उतरलेलाही तिथेच अडकतो. म्हणून शेततळ्यात पोहणं शिकवू नका, आणि ज्यांच्या शेतात शेततळं आहे त्यांनी कुंपण घालून आत गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम सोडून ठेवा. या बोलण्यातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या.

मग सराव कुठे? तालुक्याच्या गावी तलाव आहे, तिथे बायकांची वेगळी वेळ आहे. एसटीला आता आपल्याला अर्धं तिकीट, त्यामुळे सोबत जाणाऱ्या बाईचा खर्चही परवडतो. सोबत कोणी ना कोणी जातंच. आम्ही पाळ्या लावल्या आहेत, आठवड्याला दोन दिवस, आणि वहीत सही होते.

विहिरीत शिकलेल्या मुलांची एक सवय असते. डोकं पाण्याबाहेर ठेवून हात आपटत पुढे जायचं. बुडत नाही, पण दम लगेच संपतो. तलावावरच्या शिकवणाऱ्या बाईंनी पहिला महिना फक्त श्वास शिकवला. तोंड पाण्यात ठेवून नाकातोंडानं बुडबुडे सोडायचे, मग मान वर न उचलता बाजूला वळवून श्वास घ्यायचा. तलाव २५ मीटरचा आहे. पहिल्या दिवशी ती एकदा पलीकडे जाऊन धापा टाकत काठाला लटकली. न थांबता आठ वेळा, म्हणजे २०० मीटर, जायला तिला अडीच महिने लागले. कपड्यांचा प्रश्न सगळ्या विचारतात. गुडघ्यापर्यंतचा, अर्ध्या बाह्यांचा पोहण्याचा पोशाख मिळतो. सलवार-कमीज घालून पाण्यात उतरवू नका. कापड भिजलं की पायात गुंडाळतं.

सायकलीवर गटात भांडण झालं, तेही सांगतो. शाळेची सायकल जड होती आणि चाक डुगडुगत होतं. सांगलीत जुनी गिअरची सायकल सहा हजारांना मिळत होती. ताईंनी गटाकडे कर्ज मागितलं. आमच्यातल्या एक आक्का म्हणाल्या, "गटाचा पैसा शेळीला, दवाखान्याला, फीला. पोरीच्या उड्या मारण्याला नव्हे." त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. गट बाराजणींच्या शंभर-शंभर रुपयांवर उभा आहे. शेवटी ठराव झाला तो असा: गट बक्षीस म्हणून काही देणार नाही. ताईंना इतरांसारखंच कर्ज मिळेल, महिना एक टक्का व्याज, पाचशेचा हप्ता. पोशाख, चष्मा आणि हेल्मेट ज्यांना वाटेल त्यांनी आपापल्या खिशातून वर्गणी काढून घ्यावं. कर्ज बारा हप्त्यांत फिटलं. आक्का दर महिन्याला हप्ता आला का ते विचारायच्या, आणि पोरीचं कसं चाललंय तेही.

सायकल नवी असो की जुनी, तीन गोष्टी घरच्या घरी बघता येतात. पहिली, सीटची उंची. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची. पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली असली की गुडघे दुखतात. दुसरी, चाकातली हवा आणि ब्रेक, दर वेळी निघण्याआधी. तिसरी, ओढणी नको आणि सलवारीचा पाय चिमट्यानं आवळलेला हवा. हेल्मेट डोक्यावर नुसतं ठेवायचं नसतं, पट्टा हनुवटीखाली लागलेला हवा. स्पर्धेतही नियम कडक आहे. सायकल स्टँडवरून उचलण्याआधी पट्टा लागलेला पाहिजे आणि सायकल परत लावल्यावरच तो सोडायचा. रस्ता निवडताना मोठा रस्ता टाळा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडून धावतात, त्यांच्या मागचं चाक कुठे येतं ते चालवणाऱ्यालाही दिसत नाही. आमची मुलगी कालव्याच्या कडेच्या रस्त्यानं जाते, उजाडल्यावर, आणि तिचा भाऊ गाडीवर मागे असतो.

धावणं सगळ्यात स्वस्त, पण दुखणी त्यातच जास्त. सुरुवात एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं अशी करायची आणि धावण्याचा वाटा हळूहळू वाढवायचा. डांबरी रस्त्यापेक्षा शाळेचं मैदान नाहीतर मातीची वाट बरी. बूट महाग नकोत, पण मापाचे हवेत. मोठ्या भावाचे बूट पुढे कापूस कोंबून घालू नका. आणि एक गोष्ट जी कोणी मोठ्यानं बोलत नाही ती इथे बोलतो. या वयात मुली धावायचं सोडतात त्याचं एक कारण छाती हलते आणि पोरं बघतात हे आहे. घट्ट बसणारी, धावण्यासाठीची ब्रा मिळते. ती आईनं आपणहून आणून द्यावी. पोर मागणार नाही, ती नुसतं "मला कंटाळा आला" म्हणेल.

सायकलवरून उतरून लगेच धावायला लागलं की पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. सगळ्यांचं तसं होतं, त्याला घाबरायचं नाही. म्हणून आठवड्यातून एकदा अर्धा तास सायकल आणि लगेच दहा मिनिटं धावणं असा जोडसराव करायचा. पाण्यातून सायकलकडे आणि सायकलवरून धावण्याकडे जाताना जो वेळ जातो तोही मोजला जातो. बुटाच्या नाडीऐवजी रबरी नाडी ओवली, तर तेवढ्यानंच अर्धं मिनिट वाचतं. अंगणात पाट मांडून, त्यावर हेल्मेट, बूट, टॉवेल ठेवून ती याचा सराव करते. शेजारची पोरं आकडे मोजतात.

आठवड्याचं वेळापत्रक असं आहे. सोमवार सुट्टी. मंगळवार आणि गुरुवारी पोहणं, पाऊण-पाऊण तास. बुधवारी धावणं, चालणं धरून अर्धा तास. शुक्रवारी काही नाही, मैत्रिणींबरोबर खो-खो खेळावासा वाटला तर खेळायचं. शनिवारी तासभर सायकल. रविवारी जोडसराव. सगळं मिळून चार तासही होत नाहीत. खेळाचे डॉक्टर एक सोपा ठोकताळा सांगतात. मुलाच्या वयाचा जो आकडा, त्याहून जास्त तास आठवड्याला ठरीव सराव नको. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीला तेरा तास ही वरची हद्द झाली, तिथपर्यंत पोचायची घाई कशाला? आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून दोन-तीन महिने या खेळापासून लांब, हेही ते सांगतात. परीक्षेच्या महिन्यात आमच्याकडे फक्त पोहणं चालू असतं. झोप आठ ते दहा तास हवी. पहाटे पाचला उठवायचं असेल तर रात्री नऊला दिवा बंद झाला पाहिजे, आणि घरातल्या टीव्हीचाही.

खाण्यात वेगळं काही लागत नाही. पावडरचे डबे घेऊ नका. सकाळी निघताना अर्धं केळं नाहीतर गूळ-शेंगदाणे. आल्यावर दूध, अंडं किंवा उसळ आणि भाकरी. जेवणात रोज पालेभाजी, डाळ, शेंगदाण्याची चटणी, ताक. उन्हात घाम गेला तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे चहाचे धरा. आणि आधी भावाला वाढून उरलेलं पोरीला, हा हिशोब घरात चालू असेल तर सराव सुरूच करू नका. जिची भूक भागत नाही त्या मुलीला पळवलं तर तिचं अंग झिजतं.

रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये झाली, तीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये १०० पैकी ५९ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. आमच्या मुलीचं साडेदहा भरलं. ती लवकर दमायची, त्याला आम्ही सगळ्या नाजूक तब्येत म्हणत होतो. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, जंताचं औषध दिलं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळीही लोहाचीच. मुली ती पोटात मळमळतं म्हणून फेकून देतात. जेवल्यावर घ्यावी, वर चहा पिऊ नये, लिंबू किंवा आवळा खाल्ला तर ती अंगी लागते. चार महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन बारावर गेलं आणि तिचा दम वाढला.

आता अवघड भाग. गेल्या पावसाळ्यात तिला पाळी आली. त्याच आठवड्यात घरात ठरलं की आता पाण्यात जाणं बंद. थोरल्या चुलत्यांचं म्हणणं, "मोठी झाली. पुरं झालं." वडील वाईट माणूस नाहीत, पण भावाच्या शब्दाबाहेर नाहीत. आम्ही चौघी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पदक, नोकरीतलं खेळाडूंचं आरक्षण, सगळं बोलून झालं. चुलते ऐकून घेत होते, हलत नव्हते. मग ताईच बोलल्या. त्या एरवी दिरापुढे तोंड उघडत नाहीत. म्हणाल्या, "एकोणीसच्या पुरात हिला पोटाशी धरून मी बोटीत बसले होते. ही दुसरीत होती. बोट हलली की माझा जीव जायचा. मला पोहता येत न्हवतं, हिलाबी न्हाई. आता हिला येतंय. ते मी बंद करू देणार न्हाई."

त्या पुरात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढताना बोट उलटली होती, हे आपल्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. घरात बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी चुलते उठले आणि एवढंच म्हणाले, "मग सोबत बाई पाहिजे." ती तर आम्ही देतच होतो.

पाळीच्या दिवसांचं साधं आहे. पॅड पाण्यात चालत नाही, म्हणून त्या दोन-तीन दिवसांत पोहणं सोडून सायकल किंवा चालणं. पोट दुखत असेल तर विश्रांती. पाळी नियमित झाल्यावर मध्येच तीन महिने आली नाही, तर खाणं कमी आणि सराव जास्त होतोय का ते बघून डॉक्टरांकडे न्या. खेळणाऱ्या मुलींची पाळी जातेच, असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. ते शरीराचं मागणं असतं.

शेवटचं दुखण्याबद्दल. दिवाळीनंतर ती गुडघा दुखत असताना तीन आठवडे धावत राहिली आणि कोणाला बोलली नाही. चुलीपुढे बसताना एक पाय लांब करते हे ताईंच्या ध्यानात आलं. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाड उंच येतं, तिथे सूज होती. डॉक्टर म्हणाले, वाढीच्या वयात हाड भराभर वाढतं आणि तिथे स्नायू ओढला जातो. काही आठवडे धावणं-उड्या बंद, पोहणं चालेल. बरं होतं. आम्ही तिला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं."

मैत्रिणींनो, त्यावर आम्ही बैठकीत तासभर बोललो. मुलाचा पाय दुखला तर त्याला दवाखान्यात नेतात आणि मग परत खेळायला सोडतात. मुलीचा दुखला की लोक म्हणतात, बघा, सांगत होतो. हे पोरींना ठाऊक असतं, म्हणून त्या दुखणं लपवतात आणि लपवल्यानं ते वाढतं. आम्ही तिला आणि तिच्या घरच्यांना समोर बसवून एक गोष्ट कबूल करून घेतली. दुखतंय म्हटलं म्हणून खेळ कायमचा बंद होणार नाही. तेव्हापासून ती सांगते. कधीकधी फार सांगते, पण ते चालतं. हाच नियम दुसऱ्या गोष्टीलाही लावा. शिकवणाऱ्या माणसाचा हात, बोलणं, मेसेज नकोसा वाटला तर मुलीनं तो घरी सांगावा आणि घरच्यांनी तिचा खेळ न थांबवता त्या माणसाला थांबवावं. मदतीला १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

स्पर्धा झाली ती फेब्रुवारीत. तिच्या गटात अकरा मुली होत्या. पाण्यातून ती चौथी बाहेर आली, सायकलवर तिघींनी मागे टाकलं, धावताना ती तशीच राहिली. सातवी आली. वडील आले होते, पाण्याची बाटली धरून कडेला उभे होते. पुढच्या वर्षी सायकलीत सुधारणा करायची, असं तिनंच परतीच्या एसटीत ठरवलं.

तुमच्या गावात अशी मुलगी असेल तर आधी तिचं हिमोग्लोबिन तपासा, तिला सुरक्षित पाण्यात पोहायला शिकवा आणि सोबत जायला चार बाया उभ्या करा. सायकल त्यानंतर बघता येते. तलावाच्या बायकांच्या वेळेत आता आमच्या गटातल्या दोघीही उतरतात. एकीचं वय बेचाळीस आहे, ती अजून काठ सोडत नाही. काही विचारायचं असेल तर केंद्रावर चिठ्ठी टाका किंवा फोन करा, आम्ही महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी इथे असतो.